हिरव्या डब्यात काय जातंय, ते महिनाभर तोलून पाहिलं

तुळशीकट्टा_सुदामानगर | ११ जानेवारी, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबणार आहे, पण महिनाभर मनात साठलंय ते एकदा सांगून टाकते.

आमच्या गल्लीत सकाळी साडेसातच्या सुमारास कचरागाडी येते. गाडीवरचं गाणं ऐकू आलं की मी डबे घेऊन फाटकाशी. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, बॅटऱ्या-औषधं, बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक सामान, सगळं वेगवेगळं. ही सवय इतकी अंगवळणी पडलीय की कुठे पाहुणी म्हणून गेले तरी केळ्याचं साल हातात धरून मी आधी हिरवा डबा शोधते. २०१७ साली आपल्या इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला, पुढे तो सलग येत राहिला, आणि त्यात आपल्या घराचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटत आलंय. आजही वाटतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी सफाईमित्र ताईंनी आमचा डबा गाडीत उलटा केला आणि वर अकरा पोळ्या आल्या. अख्ख्या, तूप लावलेल्या, घडीसुद्धा न मोडलेल्या. आदल्या रात्री पाहुणे येणार होते, त्यांचं येणं रद्द झालं, पोळ्या झाकून ओट्यावर राहिल्या. सकाळी कडक झाल्या होत्या म्हणून मीच डब्यात टाकल्या होत्या. ताई काही बोलल्या नाहीत. हाताने पोळ्या आत सरकवल्या, डबा परत दिला, गाडी पुढे गेली. मला मात्र तिथून हलवेना. कचरा वेगळा करण्यात आमची कुठेही चूक नव्हती, आणि तरी त्यात तीन-चार माणसांची भूक भागेल इतकं अन्न होतं.

त्या दिवशी ठरवलं की आपण नेमकं किती टाकतो ते बघायचं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घरात होता. ओल्या कचऱ्याचे दोन डबे केले. एकात सालं, देठं, चहाचा चोथा, बिया, म्हणजे जे खात नाहीत ते. दुसऱ्यात जे खाता आलं असतं ते. रोज रात्री तोलायचं आणि दुधाच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं. घरात आम्ही चौघं : मी, हे, आई (सासूबाई) आणि कॉलेजातली लेक.

डिसेंबरचा हिशोब : एकूण २७ किलो. त्यातलं खाता आलं असतं असं ८ किलो ४०० ग्रॅम.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असं म्हणतो. त्यात सालंही धरलेली आहेत. चौघांचे झाले २२० किलो, म्हणजे दिवसाला ६०० ग्रॅम. आमचे दिवसाला ८७० निघाले. मी स्वतःला काटकसरी समजत होते.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द असे : पोळी, भात, कोथिंबीर. त्यानंतर मेथी, अर्धी वाटी वरण, तळाशी आंबट झालेलं दही, मऊ पडलेले टोमॅटो, सादळलेली शेव. शिजवलेलं अन्न टाकताना निदान वाईट वाटतं. कोथिंबीर टाकताना वाईटही वाटत नव्हतं, हे वहीमुळे कळलं. रविवारी हाटातून स्वस्त म्हणून तीन जुड्या आणायच्या आणि गुरुवारी दीड जुडी काळी करून टाकायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

तुमच्या घरी काय करता ते लिहा. मला खरंच शिकायचंय.

माळवी_भिया | ११ जानेवारी, दुपारी १.०५

ताई, वही ठेवलीत हे फार आवडलं. एक शंका विचारतो, रागावू नका. आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो, तिथे त्याचा गॅस होतो, त्यावर सिटी बस धावते. मग ते अन्न वाया गेलं असं का म्हणायचं? दुसऱ्या शहरांत ते कचऱ्याच्या डोंगरावर कुजतं, आपल्याकडे कामाला येतं.

निवृत्त_अभियंता | ११ जानेवारी, रात्री ९.४०

भिया, शंका रास्त आहे. ह्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येतं.

देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा. त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावं अशी आखणी. आता हा भागाकार घरच्या डब्याला लावा. एक किलो ओल्या कचऱ्यामागे गॅस येतो साधारण ३० ग्रॅम, खत साधारण १८० ग्रॅम.

ज्याचं दुसरं काही होऊ शकत नाही अशा किलोभर सालांमधून ३० ग्रॅम इंधन निघणं ही मोठी गोष्ट आहे. देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर मी पाहिलाय. उन्हाळ्यात तो पेटायचा, धूर वस्तीपर्यंत यायचा. तो डोंगर उपसून जागा मोकळी झाली, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ओला कचरा हवा न लागता ढिगात कुजला की मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता अडवतो. तोच मिथेन टाकीत धरून जाळला की बस चालते. ह्या प्रकल्पाचा मला अभिमान आहे.

पण एक किलो तांदूळ पिकवायला शेतात सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागतं. त्यावर खत, नांगरट, मळणी, गिरणी, ट्रक, आपला गॅस, आपले हात. एवढं सगळं ओतून झालेल्या भाताचे शेवटी ३० ग्रॅम इंधन करायचं, हा व्यवहार मला कुठल्याच बाजूने पटत नाही. प्रकल्प सालांसाठी आहे. पोळ्यांसाठी नाही.

माळवी_भिया | ११ जानेवारी, रात्री १०.१५

पटलं काका. एका किलोला तीस ग्रॅम, हे माहीत नव्हतं. उद्यापासून आमच्याकडेही काटा.

रामबागेतली_आजी | १२ जानेवारी, सकाळी ११.३०

नातू टाइप करून देतोय, मी सांगते आहे. माझं वय ७८.

आमच्या लहानपणी रामबागेत फ्रिज कुणाकडेच नव्हता, त्यामुळे उरवायची सोयच नव्हती. माझी आई रात्रीच्या पोळ्या करायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, "किती?" आणि सांगितलेला आकडा खावाच लागायचा. आता कुणी विचारत नाही. कणकेचा डबा उघडला की अंदाजाने मळायचं. तुळशीकट्टा, तू आजपासून "किती?" विचारायला सुरुवात कर. निम्मं काम तिथेच होईल.

आता बटल्याचे, म्हणजे मटारचे दिवस आहेत. घरोघरी कचोऱ्या होत असतील आणि सालांचे ढीग डब्यात जात असतील. सालांची भाजी करून बघा. शेंग कोवळी, हिरवीगार हवी. दाणे काढले की सालाचा अर्धा भाग हातात घ्यायचा, टोकाजवळ आतल्या बाजूने मोडायचा आणि हळूच खाली ओढायचा. आतला पातळ, चिवट पापुद्रा कागदासारखा सुटून येतो. तो पापुद्रा टाकायचा, राहिलेली मऊ साल बारीक चिरायची. पहिल्या दहा सालांना वेळ लागतो, मग बोटांना सवय होते. तेलात हिंग, मोहरी, लसूण, एक बटाटा बारीक फोडी करून, वर साल, झाकणावर पाणी ठेवून वाफ. शेवटी गूळ आणि चिमूटभर जिरावण, आपला पोह्यांवरचा मसाला. दोन किलो बटल्याच्या सालांत चार माणसांची भाजी होते. आमच्याकडे जावई मागून खातात.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची तिळाबरोबर चटणी, फ्लॉवरच्या दांड्या डाळीत, मुळ्याचा पाला पीठ पेरून, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ. हे सगळं तुम्हाला येतं, फक्त करायचं राहतं. आणि शिळ्या पोळीला शिळी म्हणून हिणवू नका. कुस्करून फोडणी द्या, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू वळा. अकरा पोळ्यांचे बावीस लाडू झाले असते.

तुळशीकट्टा_सुदामानगर | १२ जानेवारी, दुपारी १२.१०

आजी, नमस्कार करते. "किती?" आजपासूनच. अकरा पोळ्यांचे बावीस लाडू हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

भंवरकुवा_हॉस्टेल | १२ जानेवारी, रात्री ११.५५

मी शिकायला इंदूरला आलोय, डबा लावलाय. रोज सहा पोळ्या यायच्या, मी चार खायचो. दोन महिने दोन पोळ्या रोज टाकल्या. हा धागा वाचून आज डबेवाल्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंस बेटा, मी दोन पोळ्या कमी करून भाजी वाढवते." एवढंच होतं ते.

बडोद्याची_लेक | १३ जानेवारी, सकाळी ८.४५

मी मूळची इंदूरची, तेवीस वर्षांपासून बडोद्यात. इथल्या शेजारणींकडून दोन गोष्टी शिकले त्या सांगते. उरलेल्या पोळीचे तुकडे आंबट ताकात घालून फोडणी द्यायची, त्याला इथे वघारेली रोटली म्हणतात. ताकही संपतं, पोळीही. दुसरं म्हणजे रसिया मुठिया. उरलेला भात कुस्करायचा, त्यात बेसन, थोडी कणीक, आलं-मिरची, हळद, मीठ घालून छोटे मुटके वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या ताकात सोडायचे. दहा मिनिटांत रात्रीचं जेवण तयार होतं. माझ्या मुलांना तर मुद्दाम जास्त भात लावून हेच हवं असतं.

बाफले_आणि_डाळ | १३ जानेवारी, सकाळी ९.३०

माळव्यातलं सोपं राहिलंच की. उरलेले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) हाताने चुरून तुपात परतायचे, गूळ घालून चुरमा. आणि सादळलेली शेव टाकू नये, कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवली आणि पूर्ण गार करून डब्यात भरली की परत कुरकुरीत.

सूक्ष्मजीवांची_बाई | १३ जानेवारी, रात्री ८.२०

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. धागा सुंदर चाललाय, मुठियाही करून बघणार आहे. पण भाताबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण अन्न वाचवण्याच्या नादात कुणी आजारी पडू नये.

भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते मातीतून तांदळाबरोबर येतात आणि शिजवण्याच्या उकळीतही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ह्यातलं उलट्या करवणारं विष नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. म्हणून "फोडणी दिली की झालं" हे भाताच्या बाबतीत खरं नाही.

मग उरलेला भात खायचाच नाही का? जरूर खायचा. फक्त जेवणं झाल्यावर लगेच, शिजल्यापासून दोन तासांच्या आत, तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे. कुकरच्या भांड्यात घट्ट बसलेला भात तासन्‌तास गरम राहतो, त्यामुळे तो आधी पसरट ताटात मोकळा करायचा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरायचा. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या खाली असावं. दुसऱ्या दिवशी काढला की पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करायचा, एकदाच, आणि त्याच दिवशी संपवायचा. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दोन तासांवरही जाऊ नका, तासाभरात आत ठेवा.

पाकिटांवरच्या तारखांबद्दलही लोक गोंधळतात. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील. ती उलटली म्हणजे पोहे किंवा रवा लगेच विष होत नाही, वास घ्या, जाळं-किडे बघा आणि ठरवा. "यूज बाय" किंवा "एक्सपायरी" मात्र सुरक्षिततेची तारीख आहे. ती गेली की पनीर, दूध असल्या वस्तू खाऊ नका.

रामबागेतली_आजी | १४ जानेवारी, सकाळी १०.००

बाई, मी सत्तर वर्षं रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्लाय, घरात कुणाला काही झालं नाही. पण तू शिकलेली आहेस, म्हणून नीट विचारते. आम्ही रात्री भातात पाणी घालून ठेवायचो, ते बरोबर की चूक?

सूक्ष्मजीवांची_बाई | १४ जानेवारी, दुपारी ४.३०

आजी, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाण्यात ठेवलेला भात रात्रीतून आंबतो, आंबटपणा वाढला की ह्या जिवाणूची वाढ रोखली जाते, त्यामुळे त्या पद्धतीत काही अर्थ होता. शिवाय तेव्हा माळव्याच्या रात्री थंड असायच्या, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगीच नाही म्हणत. घरं कौलारू, मातीच्या भिंतींची, भात पितळेच्या पसरट पातेल्यात. आता स्लॅबच्या घरात, बंद स्वयंपाकघरात, कुकरमध्ये तो रात्रभर कोमट राहतो. पद्धत तीच असली तरी घर बदललंय. आता फ्रिज हाताशी आहे तर भात त्यातच ठेवा, ही माझी विनंती.

रामबागेतली_आजी | १४ जानेवारी, सायंकाळी ६.१५

हे पटलं. सुनेला वाचून दाखवलं. आज भात ताटात पसरला.

गच्चीबाग_वैशालीनगर | १५ जानेवारी, सकाळी ७.५०

खाता येण्यासारखं सगळं वाचवलं तरी सालं उरणारच. ती मी गाडीत देत नाही, गच्चीवर तीन माठांत खत करते. सहा वर्षं झाली. सुरुवातीला दोनदा फसलं होतं, ते आधी सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच सोडून देतात.

पहिल्या वेळी फक्त भाजीची सालं भरत गेले. आठवड्यात खाली चिखल आणि जिन्यापर्यंत वास. कारण साधं होतं, ओल्याबरोबर कोरडं घातलंच नव्हतं. ओल्या सालांत नत्र आणि पाणी भरपूर, कोरड्या पानांत कार्बन. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो आणि हवा लागते. तेव्हापासून एक भांडं सालं तर एक भांडं वाळकी पानं, कधी दीड. कडुनिंबाची, आंब्याची, जी मिळतील ती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा चार गोणी भरून ठेवते, वर्षभर पुरतात. लोक ती पानं झाडून जाळतात तेव्हा जीव तुटतो.

ओल किती हवी ते हाताला कळतं. मूठभर मिश्रण घट्ट दाबायचं. बोटांत एखादा थेंब आला तर बरोबर. पाणी निथळलं तर पानं घाला, मूठ उघडताच भुगा पडला तर पाणी शिंपडा. आंबट वास आला की हवा कमी पडतेय, काठीने ढवळा. डोळ्यांत जाणारा उग्र, अमोनियासारखा वास आला की पानं कमी पडली. सुरुवातीला वाडगाभर आंबट ताक घातलं की खत व्हायला लवकर सुरुवात होते.

दोन-अडीच महिन्यांत माठातलं सगळं काळं-तपकिरी, मोकळं होतं, आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. तो वास आला की झालं.

मिठाचं, तेलकट, शिजवलेलं अन्न माठात घालू नका. संत्र्या-मोसंबीची सालं मी वेगळी ठेवते. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, आणि काचेची बाटली अजिबात वापरायची नाही. फरशी पुसायला उत्तम होतं.

नवी_नवरी_राजेंद्रनगर | १५ जानेवारी, सकाळी ९.१५

ताई, माझ्या माठात पांढऱ्या, जाड अळ्या झाल्यात. सासरे म्हणतात फेकून दे. मला किळस येतेय, पण फेकवतही नाही. काय करू?

गच्चीबाग_वैशालीनगर | १५ जानेवारी, सकाळी ९.४०

घाबरू नकोस. चपट्या, वळवळणाऱ्या, मोठ्या झाल्यावर तपकिरी पडणाऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आहेत. त्या माणसाला चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. वरून चार बोटं वाळक्या पानांचा थर दे, ओल कमी कर, तोंडाला सुती कापड बांध. दोन आठवड्यांत त्या निघून जातील. माठ आणि सासऱ्यांचं मन, दोन्ही सांभाळ. तयार झालेलं खत त्यांच्या हातात दे, मग बघ.

निवृत्त_अभियंता | १६ जानेवारी, सकाळी ८.००

एक विषय राहिला, तो घराबाहेरचा वाटेल पण घरचाच आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे मुंज झाली. दीडशे पानं सांगितली, आली एकशेदहा माणसं. केटररने सगळा भात आणि सगळी जिलेबी पहिल्या अर्ध्या तासातच मोठ्या भांड्यांत काढून मांडली. शेवटी भात इतका उरला की कुणाला द्यावा तर तो चार तास उघडा होता, शंभर हातांखालून गेलेला. देता आला नाही. टाकताना मी तिथे उभा होतो.

त्यातून शिकलो ते असं. आधीच ठरवायचं की दुसरं पातेलं पहिलं संपल्यावरच उघडेल. झाकलेलं, गरम, कुणाचा चमचा न लागलेलं अन्न देता येतं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली नियमही केलेत. मांडलेलं अन्न देणं धोक्याचं. आणि कुणाला द्यायचं ते कार्याच्या आदल्या दिवशी बोलून ठेवायचं. रात्री अकराला फोन करून कुणी मिळत नाही.

सूक्ष्मजीवांची_बाई | १६ जानेवारी, सकाळी ८.३५

अगदी बरोबर काका. द्यायचं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा झटकन गार केलेलं हवं. आपण जे स्वतःच्या मुलांना देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलांना देऊ नये.

तुळशीकट्टा_सुदामानगर | १ मार्च, सकाळी ११.००

दीड महिन्याने परत आले. सगळ्यांचं लिहिलेलं करून पाहिलं आणि मगच लिहितेय.

फेब्रुवारीचा हिशोब : एकूण १६ किलो. खाता आलं असतं असं २ किलो १०० ग्रॅम. डिसेंबरात ८ किलो ४०० होतं.

सगळ्यात मोठा फरक आजींच्या "किती?"ने पडला. रात्री आठला मी विचारते आणि लेकच आता सगळ्यांचा आकडा मोजून सांगते. पोळीचं नाव वहीत महिन्यात तीनदाच आलं. दुसरा फरक फ्रिजमधल्या एका स्टीलच्या ताटाने केला. मधल्या फळीवर, डोळ्यांसमोर, "आज संपवायचं" असं ताट. वाटीभर वरण, अर्धा कांदा, उरलेली भाजी, सगळं त्यात. आधी ह्याच वाट्या मागे ढकलल्या जायच्या आणि आठवड्याने सापडायच्या. वरण आता कणकेत जातं, त्याचे पराठे.

कोथिंबीर एकच जुडी आणते. न धुता, मुळं कापून, सुती कापडात गुंडाळून डब्यात. दहा दिवस हिरवी राहते. कांदे-बटाटे एका टोपलीत होते ते वेगळे केले, बटाट्यांना मोड येणं थांबलं. केळी-सफरचंदं पालेभाजीपासून लांब ठेवली, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात, हे लेकीने कॉलेजातून येऊन सांगितलं.

जे जमलं नाही तेही लिहिते. दही अजून उरतं. आणि ह्यांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी भात कमी केलाय. रोज त्यांच्या ताटात एक मूठ भात राहतो, कारण माझा हात अजून जुन्याच मापाने वाढतो. तीस वर्षांचं माप आहे ते. आता त्यांच्यासाठी छोटी वाटी वेगळी काढलीय.

बटल्याच्या सालांची भाजी केली. आईंनी पापुद्रा ओढून दाखवला. त्यांना येत होतं, इतकी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं. त्या खुर्चीत बसून सोलत होत्या आणि त्यांच्या सासूबाईंबद्दल बोलत होत्या. असं बोलणं आमच्यात बऱ्याच दिवसांनी झालं.

आजी, एक विचारायचंय. होळी तोंडावर आली. दरवर्षी माझं पुरण किलोभर उरतं. आठ माणसं आहेत, माणशी दोन पोळ्या. डाळ किती भिजवू?

रामबागेतली_आजी | १ मार्च, दुपारी ३.२०

वाटीभर डाळीत मध्यम आठ पोळ्या होतात. तुला सोळा हव्यात, म्हणजे दोन वाट्या. उगीच तिसरी घालू नकोस. डाळ शिजली की चाळणीत निथळ, ते पाणी ओतू नकोस, त्यातच पळीभर पुरण कालवून कटाची आमटी कर, आठ जणांना पुरेल. कणीक पुरणापेक्षा थोडी जास्तच भिजव. पुरण संपलं आणि कणीक उरली तर साध्या पोळ्या होतात, पुरण उरलं तर तुझं नेहमीचंच होईल. रंगपंचमीला गेर, रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर येशील तेव्हा रामबागेत ये. तुझी वही बघायचीय मला.

तुळशीकट्टा_सुदामानगर | १ मार्च, दुपारी ३.४५

दोन वाट्या. येते आजी, आईंनाही घेऊन येते.